एकेचाळीस डबे

भावजींनी पहिली बरणी उघडली, आत बोट घालून चार स्क्रू हलवले आणि झाकण लावून टाकलं. मग दुसरी उघडली, मग तिसरी. चौथीला त्यांनी हातच लावला नाही.

"वहिनी, हे सगळं तुम्ही लावलंत?"

"मीच," मी म्हटलं. आवाजात थोडी ऐट होती, खोटं कशाला बोलू. "हे दवाखान्यात होते ना, तेव्हा. नुसता उकिरडा करून ठेवला होता खोलीचा."

भावजींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि परत चढवला. "अक्षर सुरेख आहे तुमचं," एवढंच म्हणाले. यांनीही अगदी हेच म्हटलं होतं, म्हणून मला बरं वाटलं.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे भागीदार. दोघांनी मिळून चाळीस वर्षं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं. हे पाना घेऊन मशीनच्या पोटात शिरायचे आणि भावजी बाहेर उभे राहून गिऱ्हाइकाची समजूत काढायचे. तशी दोघांना दोन्ही कामं यायची, पण ज्याचा त्याचा पिंड. हे जाऊन तीन महिने झाले होते. मागच्या खोलीत यांनी अर्धवट सोडलेलं मशीन जोडून द्याल का, असं मी भावजींना फोनवर विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी ते पान्यांची पिशवी घेऊन दारात हजर झाले.

घाई मला होती. महिनाअखेरीला मी हे घर सोडून मुलीकडे राहायला जाणार होते. ती म्हणाली होती, "आई, चालू असेल तर मशीन आणि ड्रायर दोन्ही नेऊ, माझ्याकडे जागा आहे. पण पोतंभर तुकडे नेऊन मी काय करू? त्यापेक्षा भंगारवाल्याला बोलावू या." तिचं चूक नव्हतं. पण यांनी हात लावलेलं शेवटचं काम भंगारात जाणार, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

जोडी होती मात्र देखणी. पन्नास वर्षांपूर्वीची, फिक्या हिरव्या रंगाची, गोलसर खांद्यांची. एक धुणार, दुसरा वाळवणार, आणि दोघांना सारख्याच चकचकीत मुठी. एका जुन्या गिऱ्हाइकाने घर विकताना ती यांना देऊन टाकली. आता गंमत बघा, या माणसाने जगाची मशीनं दुरुस्त केली आणि घरी मी चाळीस वर्षं हाताने कपडे धुतले. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! विषय काढला की म्हणायचे, "सुट्टीच्या दिवशीही मशीनचंच तोंड बघू का?" आणि मी निवृत्त झाले त्या संध्याकाळी टेम्पोतून ही जोडी उतरवली.

"ही तुझी भेट."

"मला? भंगार?"

"दोन महिने दे. नव्याच्या तोंडात मारेल."

मी एकतीस वर्षं ऑफिसच्या रेकॉर्ड विभागात काढली. सुटे कागद फायलीत, फायली गठ्ठ्यात, गठ्ठे कपाटात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर चिठ्ठी. माझ्या माघारी मला 'कपाटबाई' म्हणतात हे मला ठाऊक होतं आणि त्याचा रागही नव्हता. कुठलाही कागद मागा, दहा मिनिटांत समोर. घरातही माझं तेच. डबे, औषधं, चाव्या, सगळ्यांवर चिठ्ठ्या. हे म्हणायचे, "झोपेत माझ्या कपाळावर चिकटवू नको म्हणजे मिळवली."

दोन महिन्यांत यांनी धुण्याचं मशीन नखशिखान्त उघडलं. मागच्या खोलीत लांब फळीवर डब्यांची रांग लागली. क्रीमचे, बिस्किटांचे, गोळ्यांचे, हाताला येईल तो डबा. मी एकदा मोजले, एकेचाळीस भरले. प्रत्येकात दोन-तीन स्क्रू, स्क्रूखाली घालायची एखाद-दुसरी लोखंडी चकती, आणि जोडीला वाट्टेल ते. काडेपेटीच्या काड्या, सुके वाटाणे, शर्टाचं तुटकं बटण. मला वाटायचं, उंदरांची कृपा. "अहो, काय हा पसारा," म्हटलं की म्हणायचे, "आहे ते बरं आहे. हात लावू नको." नवरे असं म्हणतातच, म्हणून मी ते कानामागे टाकलं.

आतली गिअरपेटी साफ झाली, रबराची नवी रिंग आली, पत्र्याला रंग लागला. "आता फक्त जोडायचं राहिलं," असं हे म्हणाले, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्यांच्या छातीत कळ आली.

एकोणीस दिवस दवाखान्यात होते. दिवसभर मी त्यांच्याजवळ बसायचे, संध्याकाळी मुलगी यायची आणि मला घरी पिटाळायची. घर खायला उठायचं. भांडी घासून झाली, कपाटं आवरून झाली, तरी हात रिकामेच. मग एका संध्याकाळी मी फळीवरचे डबे खाली उतरवले. तीन संध्याकाळी लागल्या. लांब स्क्रू वेगळे, आखूड वेगळे, नट वेगळे, चकत्या जाड आणि पातळ अशा वेगळ्या. एकेक पुसून घेतला. काड्या, वाटाणे, बटणं केरात गेली, डबे भंगारात गेले. काचेच्या नऊ बरण्या आणून, धुऊन, वाळवून प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली. त्या एकोणीस दिवसांत मला सुख म्हणून मिळालं ते तेवढंच. हे परत येतील, दार उघडतील आणि म्हणतील, याला म्हणतात बायको.

हे परत आले. घरी पाऊल ठेवल्याबरोबर मी त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. ते फळीजवळ गेले. एक बरणी उचलून उजेडात धरली, होती तिथे ठेवली. मग माझ्याकडे वळून हसले.

"अक्षर काय सुरेख आहे गं तुझं."

त्यानंतर ते सात महिने होते, आणि सात महिन्यांत त्यांनी त्या मशीनचा एक स्क्रू बसवला नाही. रोज सकाळी खोलीत जायचे, स्टुलावर बसायचे, तळहातावर चकत्या ओतून घ्यायचे, थोड्या वेळाने परत भरायचे. मला वाटायचं, माझं काम न्याहाळताहेत. कधी जोडणार विचारलं की, "हातात जोर नाही गं. थंडी सरू दे." थंडी सरली. मग मी टोमणे सुरू केले. "एवढं ताट वाढून समोर ठेवलं, तरी घास उचलायचा कंटाळा!" हे नुसते हसायचे. ते गेल्यावर माणसं भेटायला आली, त्यांनाही मी डोळे पुसत हेच सांगितलं. जन्मभर लोकांची मशीनं केली, घरचं तेवढं अर्धवट टाकलं, शेवटी शेवटी फार कंटाळा करायचे हो. मुलगीही म्हणाली, बाबांनी हातच टाकले होते.

असो. भावजी कामाला लागले. ते मशीनमागे बसायचे आणि मी बरण्या घेऊन समोर.

"आखूड द्या, वहिनी. पाऊण इंची."

"हा घ्या."

"चकती द्या एक."

"जाड की पातळ?"

यावर भावजी दोन्ही बरण्यांकडे बघायचे. "द्या, दोन्ही द्या," म्हणायचे. मला वाटायचं, बघा, माझ्या बरण्यांनी काम किती सोपं केलं. आठव्या दिवशी बटण दाबलं. पाणी भरलं, आतला पंखा डावी-उजवीकडे फिरायला लागला, टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या. मग पिळायच्या वेळी मशीनने वेग घेतला आणि ते आतून धडाधडा आपटायला लागलं. टाइल्सवरून वीतभर सरकून भिंतीला भिडलं. भावजींनी धावत जाऊन प्लग ओढला.

पुन्हा सगळं उघडलं. पुन्हा जोडलं. दुसऱ्या खेपेला खालून पाणी गळालं आणि आपटणं होतंच. तिसऱ्या खेपेला पट्टा घसरला. दर वेळी भावजी म्हणायचे, "जुनं मशीन आहे, वहिनी. चालायचंच." महिना संपायला नऊ दिवस उरले आणि माझा तोल सुटला.

"हे असते तर दोन दिवसांत उभं केलं असतं. चाळीस वर्षं त्यांच्या मांडीला मांडी लावून बसलात, तुम्हाला एवढंही उचलता आलं नाही?"

बोलायला नको होतं. भावजींचे कान लाल झाले. हातातला पाना त्यांनी खाली ठेवला. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तो असता तरी झालं नसतं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जाऊ द्या, वहिनी."

"आता तोंड उघडलंत तर पुरतं बोला."

भावजींनी रिकाम्या फळीकडे पाहिलं. "इथे त्याचे डबे होते ना, तो कचरा नव्हता हो. जे ज्या क्रमाने निघेल ते त्याच क्रमाने एकेका डब्यात. दारापासून खिडकीपर्यंत. जोडताना खिडकीकडून सुरुवात करायची आणि दाराकडे यायचं. एक काडी म्हणजे डावी बाजू, दोन काड्या म्हणजे उजवी. वाटाणा असला तर खालून बसवायचं. बटण असलं तर तो भाग झिजलाय, नवा बघायचा. तेलकट हातांनी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही, म्हणून त्याने ही रीत बसवली. दुकानात आम्ही दोघं याच्यावरच चालायचो."

"पण स्क्रू सगळे आहेत की! एक हरवला नाही मी."

"स्क्रूंचं काही नाही, ते अंदाजाने बसतात. चकत्यांचं काय करणार?" त्यांनी बरणीतल्या चकत्या तळहातावर ओतल्या. "पन्नास वर्षं फिरून या मशीनचा सांधा न् सांधा वेगळा झिजलाय. कुठे दोन जाड, कुठे एक पातळ, कुठे अर्धी घासलेली. उघडायच्या आधी त्याने आठवडाभर चकत्या बदलून बदलून याचा तोल साधला होता. मला बोलावून दाखवलं होतं. वर पाण्याने भरलेला पेला ठेवला होता, थेंब सांडला नाही. जाड-पातळ मिळून अठ्ठावन्न आहेत. कुठली कुठे, ते फक्त त्या डब्यांना ठाऊक होतं."

बरणीवरची चिठ्ठी माझ्याकडे तोंड करून होती. 'चकत्या, पातळ.' खाली पट्टीने रेघ मारलेली.

"यांना कळलं होतं?" मी विचारलं. किती मूर्ख प्रश्न होता तो.

"दवाखान्यातून आला त्याच संध्याकाळी मला फोन केला त्याने. म्हणाला, डबे गेले रे. मी म्हटलं, मी येतो, दोघं मिळून जुळवू. तर म्हणाला, तू येऊन बसलास की ती विचारेल, काय जुळवताय? मग काय सांगू? मी तिकडे दवाखान्यात पडलेलो, आणि ही इथे एकटी बसून स्क्रू पुसत होती रे. तिला कळता कामा नये." भावजींनी चकत्या परत बरणीत सोडल्या. "मी त्याला शब्द दिला होता. आज गेला तोंडातून."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले, कारण मला रडायचं होतं आणि ते भावजींना ऐकू जायला नको होतं. सात महिने. सात महिने हा माणूस त्या स्टुलावर बसून माझं काम न्याहाळत नव्हता. अठ्ठावन्न चकत्यांतली पहिली कुठली ते शोधत होता, आणि मी शेजारी चहा ठेवून म्हणत होते, कंटाळा. एकदा ओरडले असते माझ्यावर तर काय बिघडलं असतं? मी फणफणले असते, दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून जुळवायला बसलो असतो. माफी मागायलासुद्धा मला जागा ठेवली नाही त्यांनी. मला त्यांचा फार राग आला. एवढा राग घेऊन कुणाकडे जायचं हे कळेना, म्हणून मी तिथेच तोंड धुतलं आणि बाहेर आले. भावजी पिशवी आवरत होते.

"बसा," मी म्हटलं. "सगळ्या चकत्या टेबलावर ओता."

"वहिनी, आता काही..."

"ओता म्हणते ना."

लोकांना वाटतं, सुटं पान कुठल्या फायलीतलं ते मजकुरावरून कळतं. मजकूर नंतर. आधी टाचणीचा गंज बघायचा. एकावर एक वर्षानुवर्षं दाबून राहिलेल्या कागदांवर एकाच जागी, एकाच आकाराचा डाग उमटतो, आणि तो डाग खोटं बोलत नाही. माझ्या विभागात एकदा पाणी शिरलं होतं तेव्हा मी दोन हजार पानं अशी आपापल्या घरी पोचवली होती. चकत्या मी पुसल्या होत्या, पण घासल्या नव्हत्या, एवढंच नशीब. मी भिंग आणलं. एका चकतीच्या कडेला चंद्रकोरीएवढी झीज होती, तशीच झीज पुढच्या उजव्या पायाच्या लोखंडावर सापडली. एकीवर निळसर रंगाचा ठिपका होता, तो मोटरच्या पट्टीवरच्या ठिपक्यावर बरोबर बसला. भावजी आधी नुसते बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली.

सहा दिवस आम्ही तेच केलं. सकाळी सुरू करायचो ते उजेड जाईपर्यंत. फारसं बोलणं नव्हतं. एकदा भावजी म्हणाले, "त्याला हे सुचलं नसतं हो," आणि मग त्यांनाच वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. मलाही तेच वाटत होतं. यांनी मला एकदा विचारलं असतं, तर ते सहा दिवसांचं काम होतं.

पंचावन्न चकत्या आपापल्या घरी गेल्या. तीन उरल्या. मागच्या डाव्या पायाच्या असणार, पण त्यांच्यावर कसलीच खूण नव्हती आणि कुठली आधी, कुठली उलटी, काही केल्या उमगेना. शेवटी भावजींनी अंदाजाने बसवल्या. मशीन चाललं. पाणी गळलं नाही, पट्टा घसरला नाही, फक्त पिळताना मागच्या डाव्या कोपऱ्यातून ठोके यायचे. भावजी म्हणाले, एवढं चालतं. पाण्याचा पेला वर ठेवून बघायचं दोघांच्याही मनात आलं असेल, पण पेला कुणी आणला नाही.

ड्रायरचं काम एका दुपारीत झालं. आतला पट्टा तुटला होता. भावजींनी नवा घातला, साचलेली कपड्यांची लव ओंजळीओंजळीने काढली, आणि तो गुमान सुरू झाला. त्याला यांचा हात लागला नव्हता आणि माझाही.

रविवारी मुलगी टेम्पो घेऊन आली. सामान बांधून पडलं होतं. शेवटचं म्हणून मी पलंगावरच्या दोन चादरी मशीनमध्ये टाकल्या होत्या. ती मागच्या खोलीत आली आणि चालतं मशीन बघून दारातच थांबली.

"अगं आई! काका, कमाल केलीत तुम्ही!" तिने रंगावरून हात फिरवला. मग तिचा आवाज उतरला. "बाबांच्या नशिबात नव्हतं बघ. सगळं तयार होतं, तू एवढं लावूनसुद्धा दिलं होतंस. त्यांनी मनावरच घेतलं नाही."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधायला लागले. ते बोलणार नव्हते. मी गप्प बसले असते तर हे कधीच कुणाला कळलं नसतं, आणि यांना तेच हवं होतं. पण चुकीची नोंद दिसली आणि ती तशीच ठेवून मी घरी गेले, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

"त्यांनी मनावर घेतलं होतं," मी म्हटलं. "मोडलं मी."

मी तिला सगळं सांगितलं. डब्यांची रांग, काड्या, वाटाणे, बरण्या. आल्या दिवशी त्यांनी भावजींना केलेला फोन. स्टुलावरचे सात महिने आणि माझे टोमणे. सांगताना माझा आवाज नीट राहिला, फक्त 'अक्षर सुरेख आहे' म्हणाले ते सांगताना नाही राहिला.

"आई, पण तुला काय माहीत होतं..."

"डब्यांना हात लावू नको म्हणून सांगितलं होतं त्यांनी. मी लावला. आता यापुढे कुणी विचारलं, तुझ्या बाबांनी ते मशीन का जोडलं नाही, तर हे सांगायचं. कंटाळा केला म्हणायचं नाही. तूही नाही आणि मीही नाही."

ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात मशीनने पिळायला घेतलं. मागच्या कोपऱ्यातून ठोके सुरू झाले, ओल्या चादरींनी वजन एका अंगाला गेलं आणि ते जागचं हलायला लागलं. भावजी प्लगकडे सरकले. मी मानेनेच नको म्हटलं आणि झाकणावर दोन्ही हात दाबून उभी राहिले. मुलगी समोरून आली आणि तिनेही हात ठेवले. त्या आवाजात एकमेकींचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. ती रडत होती, ते मला नुसतं दिसत होतं.

वेग कमी होत गेला. ठोके लांबत लांबत थांबले. तरी आम्ही थोडा वेळ हात काढले नाहीत. मग मी झाकण उघडलं आणि चादरी काढून ड्रायरमध्ये टाकल्या.